काळाचे मापन आणि काळाचे श्रवण

विद्यार्थिमित्रहो, काळ या विषयाचे स्वतंत्र पाठ्यपुस्तक तुम्हांला नाही. तथापि ज्यात काळ नाही असे एकही पाठ्यपुस्तक तुमच्या दप्तरात सापडणार नाही. इतिहासात तो सनावळीच्या रूपाने येतो, भूगोलात रेखांशांच्या, गणितात काळ-काम-वेगाच्या उदाहरणांच्या, आणि व्याकरणात भूत, वर्तमान व भविष्य या भेदांच्या रूपाने येतो. असे असूनही ‘काळ म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गात अकस्मात विचारला, तर विद्यार्थीच काय, शिक्षकही क्षणभर निरुत्तर होतील. या कूट प्रश्नाकडे आज आम्ही थोड्या निराळ्या वाटेने, म्हणजे संगीताच्या वाटेने, जाऊ इच्छितो. कारण चित्र एका दृष्टिक्षेपात पाहता येते. परंतु गाणे ऐकावयाचे तर त्यास काळ द्यावाच लागतो.

ही वाट आम्ही प्रथम शोधली असे मात्र नव्हे. ख्रिस्तोत्तर ३५४ ते ४३० या काळात होऊन गेलेले उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना गायनाचेच उदाहरण घेतले आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: पाठ असलेले स्तोत्र म्हणावयास आरंभ करण्यापूर्वी ते सारे अपेक्षेत असते, जसजसे म्हणत जावे तसतसे ते अपेक्षेतून निघून स्मृतीत जमा होते, आणि या दोहोंमध्ये आपले अवधान उभे असते. म्हणून काळाची लांबी आपण मनातच मोजतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा विचार अद्याप शिळा झालेला नाही.

आता प्रथम आपल्या शहापूर-मुरबाड भागात काळ कसा मोजला जात असे ते पाहू. आपले पूर्वज अहोरात्राचे साठ भाग करीत. प्रत्येक भाग म्हणजे एक घटिका, आजची चोवीस मिनिटे. घटिकेचा साठावा भाग म्हणजे एक पळ, चोवीस सेकंद. बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली की घटिका झाली. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी असे घटिकापात्र ठेवीत. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या वाटीतूनच निघाला. ‘घटकाभर बसा’, ‘पळभर थांबा’ असे म्हणताना आपण नकळत तेच जुने माप वापरतो. आणि मनगटावरच्या ‘घड्याळा’चे नावही घटिकेवरूनच आले आहे. शेतकऱ्याला तर वाटीचीही गरज नसे. झुंजूमुंजू झाले, दिवस कासराभर वर आला, दिवेलागण झाली, एवढ्याने त्याचे काम भागत असे.

पुढे आगगाडी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५५ साली वासिंदपर्यंत आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोचला. गाडी कोणाचा दिवस कासराभर वर येण्याची वाट पाहत नाही. तिला मिनिटाचा हिशेब लागतो. त्या काळी प्रत्येक मोठ्या शहराची वेळ त्याच्या सूर्याप्रमाणे निराळी असे. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ ठरविण्यात आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती, आणि मुंबईकरांना ती इतकी परकी वाटली की शहरातील काही घड्याळे १९५५ पर्यंत जुन्याच वेळेने चालत राहिली.

याचा पडताळा तुम्हांला घरच्या अंगणात घेता येईल. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरलेली आहे; शहापूर सुमारे ७३.३ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने आपल्याकडील खरा मध्यान्ह घड्याळातील बाराच्या सरासरी ३७ मिनिटे नंतर होतो. अंगणात एक सरळ काठी रोवा, दर पाच मिनिटांनी तिच्या छायेच्या टोकाशी खडा ठेवा, आणि छाया सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहा. ऋतुमानाप्रमाणे पाव तासापर्यंत फरक पडेल. परंतु ठीक बारा वाजता मध्यान्ह झालेला आपल्याकडे कधीच आढळणार नाही. म्हणजे घड्याळातील बारा हा मनुष्यांनी सोयीसाठी केलेला करार आहे; सूर्याने त्यावर सही केलेली नाही!

आता विज्ञानाकडे वळू. शास्त्रज्ञ काळ कसा मोजतात? उत्तर सोपे आहे: जी हालचाल पुनःपुन्हा सारख्याच अवधीत होते, तिची आवर्तने मोजतात. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्यास लहान दगड बांधून झोका द्या. त्याची एक जा-ये सुमारे एका सेकंदात पुरी होईल. दोरा एक मीटर केला तर जा-ये सुमारे दोन सेकंदांची होईल. लांबी चौपट केली असता काळ दुप्पट होतो, हा नियम तुमच्या हाती आला. या तत्त्वावर हॉलंडमधील हायगेन्स या शास्त्रज्ञाने १६५६ साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. आजच्या हातघड्याळात लंबकाच्या जागी स्फटिकाचा चिमुकला तुकडा असतो. तो विजेच्या योगाने एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. आणि १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच अशी करण्यात आली आहे की, सीझियम अणूच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने होण्यास जो अवधी लागतो तो एक सेकंद. आपल्या देशाची वेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशाच आण्विक घड्याळांवरून राखते.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घ्या. स्वर म्हणजे तरी काय? तीही आंदोलनेच होत. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची आंदोलने स्वररूपाने ऐकू येतात. आंदोलनसंख्या निम्मी केली की तोच स्वर एक सप्तक खाली येतो. आता घड्याळातील स्फटिकाचे ३२,७६८ घ्या. हा स्वर आपल्या कानाच्या पलीकडचा आहे. तो सात वेळा निम्मा करा. २५६ उरतील, आणि हार्मोनियमवरील मध्यसप्तकाच्या पांढरी एकच्या अगदी जवळचा स्वर निघेल. आणखी आठ वेळा निम्मा करा. बरोबर १ उरेल. घड्याळातील विद्युत्-मंडल हेच निम्मे करण्याचे काम पंधरा वेळा करते, आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. तात्पर्य, सेकंदाचा ठोका हा त्या स्फटिकाचाच स्वर पंधरा सप्तके खाली उतरविलेला होय. वेगाने आंदोलन झाले की आपण त्यास स्वर म्हणतो, सावकाश झाले की काळाचे माप म्हणतो. घड्याळ आणि वाद्य ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

या नात्याचा प्रत्यक्ष अनुभव आपल्या संगीतात तंबोऱ्यापाशी येतो. दोन तारा जवळजवळ एका स्वरात लावल्या, एक सेकंदाला २०० आणि दुसरी २०१ आंदोलनांची, तर दर सेकंदास एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. वादक या लाटा कानाने मोजतो, त्या संथ करीत नेतो, आणि त्या लोपल्या म्हणजे तारा जुळल्या असे जाणतो. तारेखाली घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी साधली की एका तारेतून अनेक स्वरांची प्रभा बाहेर पडते. तंबोऱ्याला चाल नाही, ताल नाही, आरंभ नाही आणि शेवटही नाही. तो गात नाही. तो गाण्याला बसावयास जागा देतो. हे वाद्य घडविण्यात महाराष्ट्रातील मिरज शहर पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारी व तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

अखंड नाद ही केवळ दरबारी कलेची मिरास आहे असे कोणी समजू नये. आपल्या ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ साली त्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात वारली बांधव वाळलेल्या भोपळ्याचा आणि बांबूचा तारपा वाजवितात. वादक मध्यभागी असतो. त्याच्याभोवती स्त्री-पुरुष हातात हात गुंफून फेर धरतात. त्या नादाच्या ओघात रात्र किती सरली याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

हाच अखंड नाद पुढे सातासमुद्रांपलीकडे गेला, त्याची हकीकत मनोरंजक आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्यापाशी दोन शिष्य शिकले. एक मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर. त्यांचे नाव तुमच्या आजी-आजोबांना निश्चित ठाऊक असेल. दुसरे पंडित प्राणनाथ. ते १९७० साली अमेरिकेस गेले. तेथे ला माँट यंग व टेरी रायली या संगीतकारांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. यंग हे आधीपासूनच तासन्‌तास एकच नाद धरून ठेवण्याचे प्रयोग विद्युत्-उपकरणांवर करीत होते. किराणा घराण्याच्या संथ आलापीत आणि तंबोऱ्याच्या नादात त्यांना त्या प्रयोगांचा गुरू भेटला. आपल्या देशातही १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर हे विद्युत्-स्वरयंत्र बसविण्यात आले, आणि गीता साराभाई यांच्यासारख्या संगीतज्ञांनी त्यावर प्रयोग केले. पुढे इलेक्ट्रॉनिक तंबोराही निघाला. आज कित्येक घरांत रियाज त्याच्या साथीने होतो.

या धारेतून जे संगीत जगात ‘अँबियंट’ या नावाने ओळखले जाते, त्यास आम्ही येथे परिसर-संगीत म्हणू. हे नाव रूढ करणारे इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो हे १९७५ साली अपघातामुळे अंथरुणास खिळून होते. भेटीस आलेल्या स्नेह्याने वीणेसारख्या हार्प या वाद्याची तबकडी दिली. ती कशीबशी लावून ते पुन्हा आडवे झाले, तेव्हा ध्यानात आले की आवाज फारच बारीक आहे; परंतु पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. त्या पावसाच्या आवाजात वाद्याचे स्वर मधूनमधून उमटत, मधूनमधून बुडून जात. पडल्या पडल्या त्यांना उमगले की संगीत हे पावसासारखे किंवा खोलीतील उजेडासारखे परिसराचाच भाग होऊ शकते. आषाढात कौलांवर धो धो पाऊस कोसळत असता दूरच्या देवळातील भजन तुटक तुटक कानी येते, हा अनुभव ज्यास आहे, त्या आपल्या तालुक्यातील कोणत्याही मुलास हे निराळे समजावून सांगावयास नको.

१९७८ साली ईनो यांनी विमानतळासाठी म्हणून जे संगीत प्रसिद्ध केले, त्यातील एका भागाची रचना तुमच्या गणिताच्या पुस्तकातील लसावि या प्रकरणावर उभी आहे. गाणाऱ्यांच्या एकेका दीर्घ स्वराची फीत घेऊन तिची दोन्ही टोके जोडली. म्हणजे तो स्वर ठरावीक अवधीने फिरून फिरून येतो. अशा अनेक फिती, प्रत्येकीची लांबी निराळी, एकदम सुरू केल्या. उदाहरणादाखल तीन फिती २३, २५ व २९ सेकंदांच्या आहेत असे धरा. तिन्ही पुन्हा एकत्र आरंभास केव्हा येतील? लसावि १६,६७५ सेकंद, म्हणजे ४ तास ३७ मिनिटे ५५ सेकंद. तोवर स्वरांची प्रत्येक गाठभेट निराळी! आकाशातही हेच चालले आहे. गुरूला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे १२ वर्षे लागतात, शनीला सुमारे ३०. त्यांचा लसावि ६०, आणि आपल्या पंचांगातील संवत्सरांचे चक्रही साठांचेच आहे. घड्याळ एकच चक्र मोजते. पंचांग आणि हे संगीत अनेक चक्रांचा मेळ दाखविते.

येथवर काळाचे मापन झाले. आता त्याच्या अनुभवाचा विचार करू. तुम्ही एक प्रयोग करा. चौघे मित्र डोळे मिटून बसा. एकाने घड्याळ पाहावे. पाच मिनिटे झाली असे वाटताच प्रत्येकाने हात वर करावा. प्रथम हा प्रयोग निःशब्द खोलीत करा, नंतर तंबोऱ्याचा नाद लावून करा, आणि आकडे मांडून पाहा. चौघांची पाच मिनिटे एक निघणार नाहीत. परीक्षेचा तास पळासारखा उडून जातो आणि आजारी आईच्या उशाशी काढलेला तास युगासारखा वाटतो, हे तर सर्वांच्याच परिचयाचे आहे.

कोणी म्हणेल, हा मनाचा भ्रम आहे. खरा काळ सर्वत्र सारखाच वाहतो. तर तसेही नाही. आइन्स्टाइन यांनी १९०५ व १९१५ साली मांडलेल्या सिद्धांतांनी दाखवून दिले की वेग आणि गुरुत्वाकर्षण यांप्रमाणे काळाची गतीही बदलते. शहापूरचा माहुली गड तुमच्या ओळखीचा आहे. पायथा आणि माथा यांच्या उंचीत ७५० मीटरांचा फरक धरला, तर माथ्यावरील घड्याळ पायथ्यावरील घड्याळापेक्षा वर्षाकाठी सुमारे अडीच मायक्रोसेकंद पुढे जाईल. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालक्षांश. फरक अत्यल्प आहे, पण आहे. मार्ग दाखविणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळांत हा फरक दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंदांचा होतो, आणि तो दुरुस्त केला नाही तर मोबाइलमधील नकाशा एका दिवसात कित्येक किलोमीटर चुकेल.

आता थोडे निकट येऊन एक प्रश्न विचारतो. तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय आपल्या शहापूर तालुक्यातच आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईस जात आहे. तेथे ठरलेल्या वेळी तोटी सोडली की पाणी येते. आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात विहिरी आटतात, तेव्हा बायामुलींना टँकरची वाट पाहत बसावे लागते. तुमच्यापैकी काहींच्या घरी हे घडते, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्या मुलीचे दोन तास हंड्यापाशी गेले, तिचे ते तास आणि शहरातील माणसाचे दोन तास घड्याळाने सारखेच मोजले जातील. परंतु ते सारखे आहेत काय? घड्याळ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. तंबोराही तिचा हंडा भरून देऊ शकत नाही. तसे म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. मात्र जो घटकाभर निमूट बसून ऐकावयास शिकला, त्याच्या ठायी दुसऱ्याच्या काळाचे ओझे ओळखण्याची शक्ती येण्याचा संभव अधिक, असे आम्हांस वाटते. ऐकणे म्हणजे आपला काळ दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय.

शेवटी एका घंटेची गोष्ट सांगून लेख पुरा करतो. अमेरिकेत १९९६ साली ‘लाँग नाऊ’ नावाची संस्था स्थापन झाली. तिचे नाव ईनो यांनीच सुचविले. डॅनी हिलिस या संशोधकाच्या कल्पनेप्रमाणे दहा हजार वर्षे चालेल असे घड्याळ टेक्सासमधील एका डोंगराच्या पोटात उभारण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. त्यासाठी दहा घंटांची योजना आहे. दहा घंटा किती निरनिराळ्या क्रमांनी वाजविता येतील? पहिल्या जागी दहांपैकी कोणतीही, दुसऱ्या जागी उरलेल्या नवांपैकी, याप्रमाणे १० × ९ × ८ असे १ पर्यंत गुणत जा. उत्तर ३६,२८,८०० येईल. रोज एक क्रम वाजविला तर हे क्रम सुमारे ९,९३५ वर्षे पुरतील. म्हणजे दहा हजार वर्षांच्या जवळजवळ प्रत्येक दिवसाला त्याचा स्वतःचा, पूर्वी कधी न वाजलेला असा नाद मिळेल!

पालकहो, आपल्या शाळेची घंटा एकच आहे, आणि तिचा टोलही रोज तोच. परंतु ती ऐकणारा मुलगा काल होता तोच आज नसतो. मुलांना वेळ पाळावयास आपण शिकवितोच, आणि ते योग्यच आहे. वासिंदची किंवा आसनगावची गाडी कोणासाठी थांबत नाही, आणि मुरबाडची एसटी चुकली की पुढची केव्हा येईल याचा नेम नसतो. त्याबरोबरच दिवसातून एक घटिका, जुन्या मापाने चोवीस मिनिटे, त्यांना घाईविना बसू द्यावे. पाऊस, पाखरे, तंबोरा, आजीचे बोलणे, जे कानी पडेल ते ऐकू द्यावे. विद्यार्थिमित्रहो, काळ मोजावयास शिका, कारण त्यावाचून व्यवहार चालत नाही. आणि काळ ऐकावयासही शिका. कारण शेजारच्या बाकावरील मित्राचा दिवस कसा गेला, हे कोणत्याही घड्याळात पाहून कळत नाही.